मनगट सोडा

मंडळी, गेले दोन वीकांत अप्रेझल आणि ट्रॅफिक ह्या दोन रडगाण्यांवर लिहिलं. आज जरा रंगीत विषय घेतो. तीन ते सहा वर्षांच्या पोरांकडून हाताचे ठसे उमटवून कागदावर आतषबाजी करून घेणे, हा आजचा विषय. हसू नका. ह्यावर माझं एक ठाम मत आहे आणि ठाम मत असलं की पोस्ट पाडायची, असा इथला शिरस्ता आहे.

ज्यांच्या घरात हा प्रकार अजून पोचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळा कार्डपेपर घ्यायचा. पोराच्या तळव्याला रंग लावायचा आणि बोटं फाकवून हात कागदावर टेकवायचा. तळवा म्हणजे फुटलेल्या बाणाचा मध्य, आणि बोटं म्हणजे त्यातून बाहेर उडालेल्या रेघा. कागद थोडा थोडा फिरवत एकाच मध्याभोवती असे तीन-चार ठसे उमटवले की आकाशात शॉट फुटल्यासारखा दिसतो. खाली पांढऱ्या रंगाची एक वाकडी शेपटी काढली की झाला रॉकेट. अमेरिकेत हे चार जुलैला करतात, इंग्लंडमध्ये पाच नोव्हेंबरच्या गाय फॉक्सच्या रात्रीसाठी करतात आणि आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीआधी प्लेग्रुपपासून सीनियर केजीपर्यंत करतात. गूगलवर ढिगाने नमुने सापडतात आणि सगळे एकसारखे दिसतात.

आमच्या सोसायटीत (पुणे, पश्चिमेकडचं उपनगर, बाकी ओळखून घ्या) दिवाळीच्या आधीच्या शनिवारी क्लबहाउसमध्ये हा उद्योग चालतो आणि रंग कालवण्याचं खातं गेली काही वर्षं अस्मादिकांकडे आहे. साधारण चौदा पोरं आणि वीसेक मोठी माणसं. म्हणजे प्रत्येक पोरामागे एकाहून जास्त मॅनेजर. आमच्या प्रोजेक्टवरही हाच रेशो आहे, पण ते असो.

दृश्य दरवर्षी सारखंच असतं. आई किंवा बाबा डाव्या हाताने पोराचं मनगट धरतात, उजव्या हाताने ब्रशने तळव्याला रंग फासतात, बोटं एकेक करून फाकवतात, आणि मग तो हात उचलून कागदाच्या बरोब्बर मध्यावर टेकवून वरून दाबतात. "हलू नको, हलू नको, हलू नकोऽऽ... झालं!" हात उचलला की लगेच वाइप्सने पुसून टाकायचा. ठसा झकास येतो. पाचही बोटं स्वच्छ. आता ह्या सगळ्यात पोराने काय केलं? बँकेत पेन्शनला आलेल्या आजीचा अंगठा धरून क्लार्क शाईत बुडवतो आणि फॉर्मवर टेकवतो ना, तितकंच. हात पोराचा होता, पण ठसा आईने उमटवला. पोर म्हणजे रबरी शिक्का.

तर माझं मत एका ओळीत: रंग लावून झाला की मनगट सोडा. (हेमावैम. तरी खाली कारणं देतो, कारण नुसतं मत दिलं की तुम्ही मंडळी धुता.)

पहिलं कारण. लहान मुलांच्या नावावर खपणाऱ्या वस्तूंपैकी ठसा ही एकच अशी आहे जी मोठ्या माणसाला त्यांच्याऐवजी करताच येत नाही. बाकी सगळं आपण करून टाकतो. शाळेचा 'प्रोजेक्ट' आदल्या रात्री अकरा वाजता कोण चिकटवतं हे मी सांगायला नको. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, त्याचंही आता कुणाला काही वाटत नाही. दिवाळीतला किल्ला घ्या. विटा, पोती, चिखल, वर अळीव पेरायचं, आणि महाराज बसवायचे ते सिंहासनासकट. हा पोरांचा हक्काचा राडा होता. आता प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला रस्त्याच्या कडेला विकायला असतो, घरी आणून बाल्कनीत ठेवला की झाला. पण चार वर्षांच्या मुलाच्या हाताचा ठसा तुम्ही त्याच्याशिवाय नाही उमटवू शकत. कितीही हुशार असा, तुमचा पंजा मोठाच उमटणार. इतकी चांगली, फसवता न येणारी गोष्ट हाताशी आहे, आणि तिथेही आपण एक मार्ग शोधून काढलाच: पोराचा हात हत्यारासारखा वापरायचा!

दुसरं कारण आमच्या धंद्यातलं आहे. टीममध्ये नवीन मुलगा आला, त्याचा कोड चालत नाही, म्हणून सीनियर त्याच्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहतो. दोन मिनिटं "इथे बघ, तिथे बघ" म्हणतो. मग त्याला राहवत नाही. "सरक जरा," म्हणून कीबोर्ड ओढतो, खटाखट चार ओळी बदलतो, बिल्ड हिरवा होतो. "कळलं ना?" "हो सर." काय कळलं, डोंबल. बग गेला हे खरं, पण पुढच्या आठवड्यात तोच मुलगा तोच बग घेऊन परत येणार. कारण चूक आणि ती सुधारणं ह्यांच्यामध्ये त्याचा हातच नव्हता.

पोराच्या ठशाचंही तेच. किती दाबलं की किती रंग उतरतो, हात सरळ वर न उचलता घसरवला की काय होतं, रंग वाळायला लागला की ठसा कसा फिका फिका येत जातो, हे सगळं त्याला कळतं ते स्वतःच्या जोराचा परिणाम स्वतः बघितल्यावर. "मी दाबलं म्हणून हे झालं" हा संबंध जुळायला 'मी दाबलं' हा भाग खरा असावा लागतो. दुसऱ्याने दाबलेल्या हातातून रंग उतरतो, अनुभव उतरत नाही.

आणि त्या मनगटाकडे जरा नीट बघा. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मताना त्यातलं एकही हाड झालेलं नसतं, सगळा कूर्चेचा मामला. पहिल्या वर्षात दोनेक हाडं एक्स-रेमध्ये दिसायला लागतात, मग एकेक करून बाकीची येतात, आणि शेवटचं, वाटाण्याएवढं हाड साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान दिसू लागतं. म्हणजे तीन वर्षांच्या पोराचं मनगट आपण चिमटीत धरतो तेव्हा त्यातला बराचसा भाग अजून हाड व्हायचाच असतो. बांधकाम चालू आहे. बोटं वेगवेगळी हलवणं, हवी तेवढी फाकवणं, जोर कमी-जास्त करणं हे सगळं त्या वयात शिकणं चालू असतं, आणि ते दुसऱ्याने धरलेल्या हाताने शिकता येत नाही. म्हणून त्या वयाच्या ठशात करंगळी हमखास अनामिकेला चिकटलेली येते. तो ठशातला दोष नव्हे, त्या महिन्यातला तो हात तसाच आहे.

आता मनगट सोडलं की काय होतं? स्वच्छ पसारा होतो. पण त्यातच मजा आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका साडेचार वर्षांच्या मुलाने पहिला ठसा नीट उमटवला, दुसराही उमटवला, आणि तिसऱ्या वेळी बोटं न उघडता नुसती मूठ आपटली. एक जाडजूड हिरवा गोळा पडला. त्याची आई लगबगीने माझ्याकडे आली, "अहो, एक नवीन शीट द्या ना, ह्याने हे बिघडवलं." मी शीट काढेपर्यंत चिरंजीव शेजारच्या मुलीला समजावत होते, "हा फुटलाच नाही. हा फुसका बार आहे."

फुसका बार! मंडळी, मी आजवर शेकड्याने ठशांची आतषबाजी पाहिली आहे, इंटरनेटवर आणि क्लबहाउसच्या भिंतीवर. सगळ्यांत प्रत्येक बाण फुटलेला. न फुटलेला बार काढलेला मी तेवढा एकच पाहिला. खऱ्या दिवाळीत दर चौथी सुतळी फुसकी निघते, वात जळून जाते आणि आपण लांबून वाट बघत उभे, हे त्या पोराने बघितलं होतं आणि कागदावर आणलं होतं. आईनेही मग नवीन शीट घेतलं नाही, हे नमूद करतो.

दुसरी एक चिमुरडी. तिने तीन सुंदर ठसे उमटवले आणि मग दोन्ही हातांनी सगळा कागद सारवून काढला. काळ्यावर नुसता राखाडी लपेडा. विचारलं तर म्हणाली, "धूर झाला." बरोबर आहे. दहा मिनिटांनी तसंच दिसतं. तिसऱ्याने तर कागदावर हात आपटला आणि लगेच ते रंगलेले हात दोन्ही कानांवर ठेवले! "आवाज आला ना!" त्याच्या आजीला पुढे अर्धा तास कानामागचा निळा रंग काढायला लागला. पण विचार करा, आतषबाजीचं चित्र काढायला बसलो आहोत आणि आवाजाची आठवण एकट्या त्यालाच झाली.

ह्या तिन्ही ठिकाणी कुणी मनगट धरलेलं असतं तर तीन व्यवस्थित पंजे मिळाले असते. फोटो छान आला असता. बाकी काही नाही.

मोठ्यांनी काहीच करायचं नाही का? करायचं ना. आणि काय करायचं ह्याचं एक उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. फ्रान्समध्ये दोर्दोन्य भागात रूफिन्याक नावाची गुहा आहे. भिंतींवर मॅमथची चित्रं आहेत, त्यासाठी ती प्रसिद्ध आहे. पण तिथल्या मऊ भिंतींवर आणि छतावर बोटांनी ओढलेल्या रेघाही आहेत, साधारण तेरा हजार वर्षांपूर्वीच्या. संशोधकांनी त्या रेघांची रुंदी मोजली आणि २०११ मध्ये केंब्रिजला हे काम मांडलं गेलं: त्यातल्या कितीतरी रेघा तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या बोटांच्या आहेत. आणि त्यातल्या काही इतक्या उंचावर आहेत की मुलाचा हात तिथे पोचणं शक्यच नाही. म्हणजे कुणीतरी त्याला उचलून धरलं असणार, नाहीतर खांद्यावर बसवलं असणार.

हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो होतो. अंधारी गुहा, हातात काहीतरी मिणमिणता उजेड, आणि एक मोठं माणूस एका पोराला खांद्यावर घेऊन उभं आहे. पोर छतावर बोटं ओढतंय. रेघा पोराच्याच बोटांच्या आहेत, म्हणून तर आज मोजता येतात. मोठ्या माणसाने फक्त उंची दिली. पालकांचं काम एवढंच आणि हेच आहे असं मला वाटतं. उंची द्यायची, रेघ ओढायची नाही.

तेरा हजार वर्षं मागे जायचं नसेल तर आपल्या घरातही ह्याची उदाहरणं आहेत. गौरी येतात तेव्हा उंबऱ्यापासून आत पावलं काढतात. आजी मूठ वळून तिची कड ओल्या पिठात बुडवते आणि जमिनीवर टेकवते, वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके. झालं लक्ष्मीचं पाऊल. (हाताने पाऊल काढायचं! इंटरनेटवरच्या क्राफ्टवाल्यांना हे कधी सुचलं असतं का?) नातीला हे कुणी मनगट धरून शिकवत नाही. ती शेजारी बसून बघते, मग स्वतःची मूठ बुडवते, आणि आजीच्या पावलांशेजारी चिमणीएवढी वाकडी पावलं उमटत जातात. ती कुणी पुसत नाही. उलट येणारा-जाणारा विचारतो, "ही कुणाची ग?"

आता जरा नाजूक मुद्द्याकडे येतो. इथे काही जण माझ्यावर चिडणार आहेत.

बऱ्याच ठिकाणी ह्या ठशांच्या आतषबाजीवर वरून एक वाक्य लिहिलेलं असतं. 'मी फटाके उडवणार नाही.' 'फटाकेमुक्त दिवाळी.' अक्षर अर्थातच मोठ्यांचं, कारण ठसेवाल्याला अजून 'फ' येत नाही. शपथही घ्यायला लावतात, हात पुढे करून, रांगेत. माझ्या लेखी हेसुद्धा मनगट धरणंच आहे. ठसा पोराचा, वाक्य आपलं.

गैरसमज नको. फटाके कमी व्हावेत ह्याच बाजूचा मी आहे आणि त्याला भक्कम कारण आहे. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबरोबर २०१६ मध्ये लहान मुलांच्या आवडीच्या सहा फटाक्यांचा धूर मोजला. सगळ्यात वाईट निघाली ती नागगोळी. हो, तीच, 'आवाज नाही, ठिणगी नाही, बाळाला द्या' म्हणून आपण देतो ती. पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण, तिच्याजवळ घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत गेले. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे. (एक आकडा क्षणभराचा उच्चांक, दुसरा दिवसभराची सरासरी, तेव्हा थेट भागाकार करू नका. तरी अंदाज येतो.) फुलबाजीचा नंबर हजाराच्या लडीनंतर लागला, पण भुईचक्र आणि भुईनळ्याच्या वर. आणि फुलबाजी तर हातात, नाकाच्या रेषेत धरायची!

पण हा आकडा कुणासाठी आहे? माझ्यासाठी आणि तुमच्यासाठी. नागगोळीचा डबा चार वर्षांचं पोर विकत आणत नाही. पाकीट आपल्या खिशात आहे.

ह्या बाबतीत एक कोर्ट केस मला फार बोलकी वाटते. २०१५ मध्ये दिल्लीतल्या तीन तान्ह्या बाळांच्या नावाने, सहा ते चौदा महिन्यांच्या, सुप्रीम कोर्टात फटाक्यांविरुद्ध याचिका दाखल झाली. अर्थात त्यांच्या वडिलांमार्फत. त्याच केसमध्ये ऑक्टोबर २०१८ चा निकाल आला: दिवाळीला रात्री ८ ते १० एवढीच वेळ, माळांवर बंदी, बेरियमच्या क्षारांवर बंदी, आणि कमी धुराचे 'ग्रीन' फटाके. ते ग्रीन फटाके तयार करण्याचं काम नागपूरच्या नीरीने केलं. आता बघा, नाव बाळांचं होतं, पण वकील लावणं, कागद तयार करणं, तारखांना उभं राहणं हे सगळं मोठ्यांनी केलं. जबाबदारी मोठ्यांनी उचलली, फुप्फुसं बाळांची वाचावीत म्हणून. शपथेच्या कागदावर हे बरोबर उलटं होतं. जबाबदारी बाळाच्या नावावर, आणि त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये दहा हजारांची लड लावतो तो बाबा.

आणि पोराच्या बाजूने विचार केला तर? त्याने बाण फुटताना पाहिला, तोंडाचा आ झाला, तोच आ त्याला कागदावर उतरवायचा आहे. त्यावर आपण लिहितो की ही वाईट गोष्ट आहे. त्याने मग काय समजायचं? घरात फटाके आणायचे नाहीत असं ठरवलं असेल तर उत्तमच, साध्या शब्दांत सांगा, धुराने खोकला होतो, रस्त्यावरची कुत्री घाबरतात. पोरांना समजतं. पण त्याचं चित्र आपलं पोस्टर नाही.

"तुमचं म्हणणं ठीक आहे हो, पण आम्हाला आठवण म्हणून एक तरी नीट ठसा हवा असतो." हा आक्षेप दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. पोराचा हात पुढच्या दिवाळीला एवढाच राहणार नाही, हे पोटात कुठेतरी टोचतंच. मग तसा एक ठसा वेगळ्या कागदावर घ्या. खुशाल मनगट धरा, मागे तारीख टाका, फाइलमध्ये ठेवा. तो दस्तऐवज तुमचा. पण आतषबाजीचा कागद त्याचा. एकाच कागदावर दोन्ही कामं करायला गेलं की त्याचं हरतं आणि आपलं जिंकतं, कारण आपण मोठे आहोत.

शाळेतल्या बाईंनाही इथे दोष द्यायचा नाही. तीस पोरं, अर्धा तास, एक मावशी, आणि संध्याकाळी सॉफ्ट बोर्डवर तीस 'छान' कागद लागले पाहिजेत अशी पालकांचीच अपेक्षा. मनगट धरल्याशिवाय ते होणारच नाही. पालक म्हणून आपण एवढं करू शकतो की बोर्डावर आपल्या पोराचा लपेडा दिसला तर तोंड वाकडं करायचं नाही, आणि ग्रुपवर दुसऱ्याच्या स्वच्छ पंजाशेजारी आपल्याचा फोटो ठेवून "ह्याचं असं का?" विचारायचं नाही.

हाताचा ठसा एखाद्या पोराला नकोच असतो, हेही लक्षात ठेवा. ओला, गार, बुळबुळीत रंग काहींना सहन होत नाही, तळवा उघडतच नाहीत. त्यांना जबरदस्ती नको. कागदावर कोरडा हात ठेवून भोवती पांढऱ्या खडूने रेघ ओढू द्या, नाहीतर भेंडी कापून तिचे ठसे मारू द्या. आडव्या कापलेल्या भेंडीचा ठसा तर आयता तारा असतो.

आता मोठ्यांच्या वाट्याचं काम, म्हणजे ती 'उंची', कशी द्यायची ते सांगतो. अनुभवाचे बोल आहेत.

रंग पोस्टर कलरसारखा अपारदर्शक घ्या, काळ्यावर पातळ वॉटर कलर दिसतच नाही. प्रत्येक रंगात थोडा पांढरा मिसळला की काळ्यावर खुलून दिसतो. डब्यावर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं बघून घ्या, कारण हात तोंडात जाणारच. अगदी लहानांसाठी कॉर्नफ्लोर पाण्यात शिजवून खळ करा आणि त्यात खाण्याचा रंग घाला. रंगात हात बुडवू देऊ नका, सगळा कागदावर ओघळतो. ताटलीत भांडी घासायचा नवा स्पंज ठेवा, त्यावर रंग ओता, पोर स्वतःच त्यावर हात थोपटेल. म्हणजे रंग लावायलाही तुमची गरज उरत नाही. कागदाखाली घडी घातलेला नॅपकिन ठेवा, नाहीतर कडक टेबलावर तळव्याचा खळगा टेकत नाही आणि ठशाच्या मध्ये भोक राहतं. गोल आतषबाजी हवी असेल तर कागद फिरवा, पोराला नको. शीट तीन-चार द्या. एकच शीट दिलं की ते वाया जाईल ह्या भीतीने तुमचा हात मनगटाकडे जातोच. आणि एवढं झालं की दोन पावलं मागे सरून चहा घ्या. कप दोन्ही हातांनी धरा. उपाय खात्रीचा आहे.

रंग कुठला हे त्याला ठरवू द्या. "तपकिरी फटाका असतो का रे?" असं कानावर आलं म्हणून सांगतो. खऱ्या आकाशात प्रत्येक रंगाला एक धातू लागतो: लालला स्ट्रॉन्शियम, हिरव्याला बेरियम, पिवळ्याला सोडियम, निळ्याला तांबं. त्यात निळा सगळ्यात कटकटीचा, कारण निळा प्रकाश देणारं तांब्याचं संयुग जास्त उष्णतेत टिकतच नाही, आणि कमी उष्णता ठेवली तर उजेड पडत नाही. गडद निळा साधणं ही आजही आतषबाजीवाल्यांची परीक्षा मानतात. कागदावर तो निळा एका थापेत येतो. मग तपकिरीही येऊ दे. कागदावर ना धातू लागतो, ना रात्री आठ ते दहाची वेळ.

चित्र झालं की "अरे वा, छान" म्हणून मोकळे होऊ नका. "ह्यात काय चाललंय?" एवढं विचारा, आणि जे उत्तर येईल ते कागदाच्या मागे, पेन्सिलने, त्याच्याच शब्दांत लिहा. व्याकरण सुधारू नका. 'फुसका बार' हे उत्तर लिहून ठेवलं म्हणून आज मला सांगता आलं, नाहीतर तो नुसता हिरवा गोळाच राहिला असता.

बाकी, येत्या दिवाळीला करून बघा आणि काय निघालं ते कळवा. फोटो वाकडातिकडा असला तर जास्त आवडेल.

ता.क.: कपड्यांवर पडलेला पोस्टर कलर वाळायच्या आत गार पाण्याने धुवा, बहुतेक निघतो. पडद्यावरचा निघाला नाही तर घरात मोठ्यांची जी काही बोलणी बसतील, त्याची जबाबदारी हा ब्लॉग घेत नाही.